सहा सिलिंडरची माहेरवाशीण

"गाडीला आधी हात लावायचा न्हाय, बाळ. आधी कान लावायचा. ती सोत्ता सांगती, तिला काय हुतंय ते..."

वडिलांचा, आण्णांचा हा आवाज आरोहीच्या कानात होता, ती सात वर्षांची असल्यापासून. धाराशिवला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. आण्णा बॉनेटवर गाल टेकवून डोळे मिटायचे, आणि शेजारी टायरवर बसलेली ही चिमुरडीही डोळे मिटायची. गॅरेज गेलं, आण्णाही गेले. आवाज मात्र राहिला. सव्विसाव्या वर्षी तो आवाज घेऊनच ती सोलापूरच्या एका कचेरीत जुन्या मोटारींची किंमत काढायचं काम करत होती.

चैत्र सरत आला होता. मुरुम गावाच्या मोडावर उन्हानं डांबर मऊ केलं होतं, आणि कडुलिंबाचा मोहोर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला आरोहीच्या केसांत येऊन बसत होता. एस.टी.चा पत्ता नव्हता. तेवढ्यात तूरडाळीच्या पोत्यांनी लादलेला एक टेम्पो तिच्यापुढं येऊन थांबला.

"कुठं निघालाव?"

चालवणारा तरुण. कपाळावर विभूतीची पुसट रेघ, भुवयांवर डाळीची पिवळी धूळ, आणि डोळे... डोळे असे, की जणू आत्ताच कुणीतरी विनोद सांगून गेलंय.

"मुरुमला."

"बसा मग. एस.टी.ला अजून तासभर हाय. ती बी आली तर!"

ती बसली. बॅग मांडीवर, नजर रस्त्यावर. दोन किलोमीटर तो गप्प राहिला, म्हणजे फारच झालं.

"पाहुण्यांकडं का?"

"कामाला. एका म्हाताऱ्या गाडीची किंमत काढायचीय. हैदराबादच्या एकांना ती विकत घ्यायचीय."

"अस्सं? कसली गाडी?"

आता गाडीचा विषय निघाला की आरोहीची जीभ तिच्या ताब्यात राहत नसे. "मर्सिडीज! एकोणीसशे अठ्ठावन्नची. सहा सिलिंडरची. आहे नाही, होती. मालकानं म्हणे पेट्रोल वाचवायला आत जीपचं डिझेल इंजिन बसवलंय. पैठणीला गोणपाटाचं ठिगळ! असल्या माणसाला ना—"

"काय करावं?"

"भर चौकात उभं करून गाडीची माफी मागायला लावावी."

"लावू की," तो शांतपणे गिअर बदलत म्हणाला. "चौक आलाच. मालक माझा अज्जा हाय, आजोबा."

कडुलिंबाची फुलं केसांतच राहिली. बोलणं तेवढं गळून पडलं. कानाच्या पाळ्या तापल्या. "मी... उतरू का इथंच?"

"उतरा की. आमच्या दारातच उतरा." आणि मग तो हसला. पोत्याचं तोंड सुटावं आणि डाळ घरंगळत जावी, तसं खळखळून. "मी महांतेश. ठिगळाची तक्रार माझी बी हायच. पण अज्जापुढं चौकाचं नाव काढू नका. चौकाची एक येगळीच गोष्ट हाय."

*

डाळमिलच्या मागच्या शेडमध्ये ती उभी होती. सायीच्या रंगाची, गोल खांद्यांची. वय झालेल्या देखण्या बाईनं पदर सावरून बसावं, तशी. शेजारी बाजेवर शहाऐंशी वर्षांचे गुंडाप्पा अज्जा. गळ्यात लिंग, हातात विंझणा.

आरोहीनं बॅग खाली ठेवली. चुंबक, पेन्सिल, पातळ कागद, सगळं बॅगेतच राहू दिलं. महांतेशला म्हणाली, "चालू करा जरा." जीपचं इंजिन बोंबलत उठलं आणि शेडचे पत्रे थरथरले. तिनं बॉनेटवर गाल टेकवला, डोळे मिटले. तापलेला पत्रा, डिझेलचा वास, आणि त्या सगळ्या गोंगाटाखाली गाडीच्या अंगाची एक बारीक थरथर. परक्याच्या घरी गप्प राहिलेल्या मुलीची असते तशी.

डोळे उघडले तर दोन माणसं तिच्याकडं बघत होती. अज्जांचा विंझणा थांबला होता. आणि महांतेशची नजर... ती पटकन वळली, पण वळायला अंमळ उशीरच झाला.

मग तिनं रुमालात गुंडाळलेलं चुंबक दारांवरून, मडगार्डवरून फिरवलं. जिथं पत्र्याच्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते, तिथं चुंबक निसटतं. इथं एकदाही निसटलं नाही.

"अंग सगळं मूळचं आहे," ती म्हणाली. "आज, या इंजिनासकट, नऊ लाख. मूळ इंजिन असतं तर चाळीस. ते कुठाय, अज्जा?"

अज्जांनी विंझणा पुन्हा हलवला. "गोत्तिल्ल."

"म्हंजे 'ठाऊक न्हाय'," महांतेश म्हणाला. "तीस वर्षं झाली. इंजिनाचं नाव काढलं की अज्जाला मराठी येत न्हाय."

चहाची बशी तिच्या हातात देताना त्यानं चौकाची गोष्ट सांगितली. दर बसवजयंतीला मिरवणुकीच्या पुढं हीच गाडी असायची, बसवेश्वरांची प्रतिमा घेऊन. बारा वर्षांपूर्वी ती बसस्टँडच्या चौकात बंद पडली. महांतेश तेव्हा सोळाचा, आतच बसलेला. शेवटी मिरवणुकीतल्या सजवलेल्या बैलांनी तिला ओढून घरी आणलं. "बैलाला बी आमी बसवण्णाच म्हणतो. बसवण्णाच्या जयंतीला बसवण्णांनीच वढली! गाव हसलं. म्हणलं, गुंडाप्पानं पेट्रोलचे चार पैसे वाचवले अन् अब्रू घालवली. तवापास्नं गाडी शेडच्या भाईर न्हाय. आता पुण्याचे गौरीशंकरकाका म्हणतेत, इकून टाका. अज्जानं त्यांना शब्द दिलाय. ह्या बसवजयंतीला गाडी मिरवणुकीपुढं चालली तर ऱ्हाईल. न्हाय चालली तर हैदराबादला."

"बसवजयंती कधी?"

"बारा दिसांनी."

"आणि तुम्ही काय करणार?"

"ठरलंय. सोलापूरचा मिस्तरी नव्या गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स बसवून देतो म्हणतोय. पाच दिसांत. एसी बी चालंल!"

"त्यासाठी आतली चौकट कापावी लागेल. कापलेलं परत जुळत नसतं."

"पण चालंल तर!"

"चालेल. पण ती दुसरीच कुणीतरी असेल. तिच्या अंगात..." ती अडखळली, "तुमच्या अंगात दुसऱ्याचं काळीज बसवलं, तर तुम्ही तेच राहाल का?"

"ते कुणाचं काळीज, त्याच्यावर हाय," तो म्हणाला. आणि आपण काय बोलून बसलो ते कळताच बशीतला चहा एका घोटात संपवून उठला.

आरोही बॅग आवरत होती तेव्हा बाजेवरून हाक आली. मराठीत.

"मगळे... लेकी, इकडं ये. तू हात लावायच्या आधी कान लावलास. कुणी शिकीवलं?"

"वडिलांनी."

अज्जांनी विंझणा बाजेवर ठेवला. मग म्हणाले, "माकणीला मथुराबाईची गिरण हाय. तिला म्हण, गुंडाप्पानं विचारलंय... लेक बरी हाय का?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो माकणीच्या रस्त्याला लागला. धरणाचं पाणी उन्हात कथलासारखं चमकत होतं. मथुराबाई पिठानं पांढऱ्या झालेल्या, भुवयांसकट. निरोप ऐकला आणि त्यांच्या हातातलं सूप खाली आलं.

"त्येनं विचारलं? एवढ्या वर्सानं?"

मागच्या खोलीत नेऊन त्यांनी एक वाकळ बाजूला केली. खाली तेल चोपडलेलं, काळंभोर, सहा सिलिंडरचं इंजिन होतं. कडांना जुन्या पिठाचा खरवडा. आरोहीनं त्याच्यापुढं गुडघे टेकले.

"भूकंपाचं साल," मथुराबाई भिंतीला टेकून सांगू लागल्या. "त्र्याण्णव. घरं पडली, लाईट गेली. सरकारनं गहू दिला, ज्वारी दिली, पर दळायचं कशावर? लेकरं कच्चे दाणे चावायची. तिसऱ्या दिवशी गुंडाप्पा आला. गाडी आमच्या मांडवाखाली लावली अन् आमच्या मालकाला म्हणला, हिचं इंजिन काढ, गिरणीला पट्टा लाव. चार महिने, बाई! रात न्हाय, दिस न्हाय. सात गावचं पीठ ह्या इंजिनानं पाडलं. पेट्रोल बी तोच धाडायचा."

"आणि आमाला... कुणालाच सांगितलं न्हाय?" महांतेशनं विचारलं. "चौकात सगळे हसत हुते. मी बी रडलो, अज्जावर चिडलो. त्यो काहीच बोलला न्हाय."

"दिलेलं सांगितलं की परत घेतल्यावाणी हुतं, असं म्हणायचा. लाईट आल्यावर आमी नेऊन द्यायला निगालो, तर म्हणला, लेक दिली, आता ती तुमची. मालक जाताना सांगून गेले, दर आवसंला हातानं एक फेरा फिरवायचा, म्हंजी जाम हुणार न्हाय. एक आवस चुकली न्हाय माजी."

आरोहीनं पुढची कप्पी धरून हळूच जोर लावला. इंजिन फिरलं. जडशीळ, पण लोण्यातून रवी फिरावी तसं.

मग तिनं नंबराच्या जागेवरचा खरवडा ओढणीच्या टोकानं पुसला, पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल घासू लागली. महांतेश आर.सी. बुक उघडून तिच्याजवळ वाकला. इतका जवळ, की डाळीचा आणि विभूतीचा वास तिला वेगवेगळा ओळखू आला.

"एक," तो म्हणाला.

"एक," ती.

"आठ."

"आठ..."

"शून्य. नऊ."

"शून्य. नऊ." पेन्सिलखाली आकडे एकेक करून उजेडात येत होते, आणि दोघांचे आवाज आपोआप बारीक होत चालले होते. देवळात होतात तसे.

"शेवटचा... चार."

ती गप्प.

"आरोही, चार हाय का न्हाय? बोल की!"

"चार आहे रे," ती म्हणाली, आणि डोळे भरून आले. 'तुम्ही' कधी, कुठल्या आकड्यावर गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

मथुराबाईंनी इंजिन असंच जाऊ दिलं नाही. टेम्पोत चढवल्यावर त्याच्यापुढं खण-नारळ ठेवला, मूठभर तांदूळ वाहिले, हळदी-कुंकू लावलं आणि जात्यावरच्या चालीत म्हणाल्या—

मुरुमाची गं लेक, आली माकणी नांदायाला
पडल्या घरामंदी, बसली पहाटं दळायाला

मुरुमाचा मुराळी, आला टेम्पो घेऊन दारी
जा गं बाई माहेरी, तुझी ओटी भरली सारी

"मुराळी कोण, मी व्हय?" महांतेशनं विचारलं.

"न्हाय तर काय! बहिणीला न्यायला आलेला भाऊच की तू." मग आरोहीकडं वळून त्या डोळे मिचकावत म्हणाल्या, "अन् ही कोण ते इचारत न्हाय मी. नुसती बघती."

*

परतीच्या वाटेवर दोघांनाही आनंद टेम्पोत मावत नव्हता. मुरुम जवळ आलं आणि महांतेशला घरून फोन आला.  इंजिन सापडल्याची खबर आधीच पुण्याला पोचली होती. गौरीशंकरकाका म्हणाले होते, नऊ लाखांची असताना अप्पांचा शब्द मानला ते वेगळं. चाळीस लाखांचा विचार वेगळा.

शेडच्या दारात महांतेशनं तिला थांबवलं. "रिपोर्टात... डिझेल इंजिनच लिही ना. नऊ लाख. मग हैदराबादवाला जादा देणार न्हाय, अन् काका हट्ट धरणार न्हाईत."

ती मागं सरली. "दर अमावस्येला एक फेरा, महांतेश. ती बाई तीस वर्षांत एकदा चुकली नाही. आणि मी एका आकड्यात खोटं लिहू?"

"गाडी जाईल, आरोही!"

"मग जाऊ दे. पण मी लिहीन ते खरंच." आणि ती पाठमोरी झाली. 

सकाळी ती आली तेव्हा शेड आधीच उघडी होती. महांतेश रात्रभर झोपला नसावा. जीपचं इंजिन बाहेर काढून ठेवलेलं, आणि गाडीच्या पोटातली तीस वर्षांची काजळी घासून तो कोपरापर्यंत काळा झालेला.

"खरं लिही," मान वर न करताच तो म्हणाला. "चाळीस लिही. जाईल तर जाईल. पण आपल्या नावानं जाईल. काल मी जे बोललो ते... अज्जाचा नातू बोलला न्हवता."

आरोहीनं त्याच दुपारी रिपोर्ट पाठवून दिला. खराखुरा, आकड्यानिशी. आणि ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर संध्याकाळची एस.टी. धरावी लागली असती.

"रिपोर्टाचं काम बाकी आहे," ती रोज म्हणायची, आणि बाह्या सारून इंजिनाखाली शिरायची. नऊ दिवस. कार्बोरेटर रॉकेलात धुतले, पॅकिंगं सोलापूरहून आली, रबरी नळ्या हैदराबादहून. तो पाना द्यायचा. बोटाला बोट लागायचं. पाना खाली पडायचा.

"पाना नीट धर की!"

"धरला हुता. तूच सोडलास."

"मी?"

"मग काय अज्जानं?"

बाजेवरून अज्जा म्हणायचे, "केवढा मोठा रिपोर्ट गं, मगळे! पुराण लिवायलीस का?" आणि तिच्या कानाच्या पाळ्या पुन्हा तापायच्या.

आठव्या दिवशी, आरोहीला ग्रीसनं माखलेल्या हातानं कपाळावरचे केस सारता येईनात म्हणून महांतेशनं आपल्या मनगटानं ते मागं केले. एवढंच. तेवढ्यात ती म्हणाली, "महांतेश, मला ना—" आणि थांबली.  "...तेरा नंबरचा पाना दे," ती म्हणाली.

*

बसवजयंतीची सकाळ. शिंगांना रंग, अंगावर झुली घातलेले बैल रांगेत उभे. गौरीशंकरकाका पुण्याहून आलेले, हातात फोन, फोनमध्ये हैदराबाद. शेडपाशी अर्धा गाव जमला होता आणि कुणीतरी मागून ओरडलंही, "बैल सोडू नका रे, लागतील!"

बसवेश्वरांची हार घातलेली प्रतिमा गाडीवर उभी केली. अज्जा मागं बसले. महांतेशनं चावीवर हात ठेवला. 

"फिरव," शेजारी बसलेली आरोही हळूच म्हणाली.

एकदा... नुसतीच खोकली. दोनदा... पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा आत खोल कुठंतरी काहीतरी जागं झालं. एक, दोन, मग सहाही सिलिंडर एका सुरात. बोंबलणं नाही, धडधड नाही. पहाटेच्या जात्याची घरघर असते ना, तसा भरलेला, गोड, सलग आवाज. पत्रे थरथरले नाहीत. थरथरली ती माणसं.

अज्जांनी पुढच्या सीटवर कपाळ टेकलं.

हलगी वाजली, लेझीम सुरू झाली. गाडी शेडच्या बाहेर, उन्हात आली आणि सायीचा रंग केशरी होऊन गेला. बसस्टँडचा चौक आला. महांतेशनं श्वास धरला. चौक आला, आणि चौक मागं पडला! पलीकडं माकणीहून आलेल्या दोन ट्रॅक्टरभर बाया उभ्या होत्या. मथुराबाईंनी मूठभर पीठ गुलालासारखं बॉनेटवर उधळलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "ह्या इंजिनानं दळलेली भाकर खाल्लीया आमी! गुंडाप्पाला कंजूस म्हणणाऱ्यानं हितं पुढं यावं!"

गोष्ट माणसामागून माणसाला, रांगेतून रांगेला पोचत गेली. मघाशी ओरडलेला तो माणूस डोक्यावरची टोपी काढून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. त्याच्या शेजारचाही. मग कितीतरी.

देवळापाशी काकांनी गाठलंच. "अप्पा, बेचाळीसवर आलाय तो. आत्ता हो म्हणा, आत्ता पैसे."

"गौऱ्या," अज्जा म्हणाले, "मी तुला शब्द दिला हुता गाडी चालण्याचा. चालली. आता ती महांतेशची. तुला पायजे तर बस, घरापर्यंत सोडतो. फुकट."

काकांनी फोनकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. त्या घरघरीत क्षणभर उभे राहिले. मग फोन खिशात घालून मागचं दार उघडलं. "लहानपणी मी खिडकीकडंच बसायचो," एवढंच म्हणाले.

प्रतिमा देवळात गेली, माणसं पांगली, घरी जाण्याआधी अज्जा आणि काका प्रसादाला थांबले. देवळामागच्या आंब्याखाली महांतेश गाडीला टेकून उभा होता. हसावं की रडावं हे न ठरलेल्या चेहऱ्यानं.

"झालं," तो म्हणाला. "आता तुझा रिपोर्ट बी हुईल पुरा. संध्याकाळी सहाची एस.टी. हाय सोलापूरला. मोडापर्यंत सोडतो... हिच्यातनंच."

 कैऱ्यांचा आंबट वास, दूरवर अजून वाजणारी हलगी, आणि बोटांना अजूनही न निघालेलं ग्रीस. आरोहीनं ती बोटं ओढणीला पुसली, पुन्हा पुसली.

"आरोही? काय झालं?"

"रिपोर्ट मी त्याच दुपारी पाठवला होता, महांतेश. तू काजळी घासत होतास त्या दुपारी." तिनं मान वर केली, थेट त्याच्याकडं बघितलं. "पुढचे नऊ दिवस मी गाडीसाठी राहिले नव्हते. तुझ्यासाठी राहिले. मला तू आवडतोस... लई आवडतोस."